जगाला हसविणारा माणूस

२५ डिसेंबर १९७७ हा नाताळचा दिवस होता. स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा सरोवराच्या काठी, व्हेव्हे गावाजवळच्या एका प्रशस्त घरात सणासाठी मुले-नातवंडे जमली होती. त्या दिवशी पहाटे, घरातील अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या वृद्धाने झोपेतच प्राण सोडला. थोड्याच वेळात ही वार्ता जगभर पसरली आणि देशोदेशींच्या लोकांना आपल्या घरातलेच कोणी गेल्यासारखे वाटले.

नवलाची गोष्ट अशी, की शोक करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी त्या वृद्धाला प्रत्यक्ष कधीच पाहिले नव्हते. त्यांच्या डोळ्यांपुढे उभा राहिला तो एक बुटका भटक्या. अंगात आखूड, तंग कोट. खाली ढगळ विजार. पायांत आपल्या मापाहून मोठे बूट. डोक्यावर लहानशी गोल काळी टोपी. नाकाखाली चिमूटभर मिशी आणि हातात वेताची काठी. खिशात दमडी नाही, राहावयास घर नाही. परंतु चालण्याबोलण्यात मात्र एखाद्या सरदाराची ऐट! या भटक्याने कोट्यवधी लोकांना पोट धरधरून हसविले होते. त्याला जन्म देणारा नट, लेखक व दिग्दर्शक म्हणजेच त्या पहाटे निवर्तलेला वृद्ध, चार्ल्स स्पेन्सर चॅप्लिन. जग त्याला नुसत्या चार्ली या नावानेच ओळखत असे.

चार्लीचा जन्म १६ एप्रिल १८८९ रोजी लंडन शहरात झाला. त्याचे आईवडील दोघेही रंगभूमीवर गाणी म्हणून पोट भरीत. वडिलांचा गळा गोड होता; परंतु मद्याच्या व्यसनाने त्यांचा संसार धुळीस मिळविला. चार्ली अगदी लहान असतानाच ते घर सोडून गेले. मागे राहिली ती आई हॅना, चार्ली आणि त्याचा चार वर्षांनी मोठा सावत्रभाऊ सिडनी. दक्षिण लंडनमधील गरिबांच्या वस्तीत, आज या खोलीत तर उद्या त्या खोलीत, अशी ही तिघे दिवस कंठू लागली.

आईचा आवाज हेच त्यांच्या उपजीविकेचे साधन होते, आणि तोच पुढे दगा देऊ लागला. १८९४ साली चार्ली पाच वर्षांचा असताना ऑल्डरशॉट या छावणीच्या गावी आईचे गाणे होते. प्रेक्षकांत बहुतेक सैनिक होते. गाता गाता आईचा आवाज एकाएकी फाटला. प्रेक्षक हसू लागले, ओरडू लागले. बिचारी आई रंगमंच सोडून आत आली. आता खेळ कसा पुरा करावा, या विवंचनेत असलेल्या व्यवस्थापकाने पडद्याआड उभ्या असलेल्या चिमुकल्या चार्लीला हाताला धरून पुढे नेले आणि गाणे म्हणावयास उभे केले.

चार्ली न घाबरता गाऊ लागला. निम्मे गाणे होते न होते तोच प्रेक्षकांनी रंगमंचावर नाण्यांचा पाऊस पाडला. चार्लीने गाणे तेथेच थांबविले. आधी पैसे वेचतो आणि मग गातो, असे त्याने प्रेक्षकांस सांगून टाकले. सभागृहात एकच हशा पिकला. व्यवस्थापक रुमाल घेऊन पैसे गोळा करू लागला, तेव्हा हे पैसे हा स्वतःच घेऊन जाईल अशी त्या बालकास भीती वाटली. तो त्याच्या मागोमाग धावला, पैसे आईच्या हाती पडल्याची खात्री करून घेतली आणि मगच परत येऊन गाऊ लागला. हसण्याला नुसता ऊत आला. पुढे तो आईच्या गाण्याची नक्कल करू लागला आणि नक्कल करताना आईचा आवाज कसा फाटला, तेही त्याने निरागसपणे करून दाखविले. प्रेक्षकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

रंगभूमीवर चार्लीची ती पहिली रात्र होती. आईची ती शेवटची ठरली. ज्या दुःखाने आईच्या डोळ्यांत पाणी आणले, त्याच दुःखाने लोकांना हसू आणले. हसू आणि आसू ही एकाच घरात नांदतात, हे त्या मुलाने इतक्या लहान वयात पाहिले. पुढे जन्मभर त्याच्या विनोदाला ही जाण कधी सोडून गेली नाही.

यानंतर घरात दारिद्र्याने ठाण मांडले. आई शिवणकाम करी. पण त्यावर तीन जिवांचे भागेना. शेवटी तिघांनाही 'वर्कहाउस' नावाच्या निराधारगृहाचा आसरा घ्यावा लागला. तेथे आई एकीकडे आणि मुले दुसरीकडे अशी ताटातूट झाली. चार्लीला हॅनवेल येथील निराधार मुलांच्या शाळेत धाडण्यात आले. तेथे नायटा झाला म्हणून त्याच्या डोक्याचे केस भादरून वर औषध फासण्यात आले. ज्यांना असे होई त्यांच्याकडे इतर मुले तिरस्काराने पाहत.

परंतु त्या अंधारातही एक दिवस उजेडाचा आला.  आईने निराधारगृह सोडण्याचा अर्ज दिला आणि एके सकाळी तिघेही बाहेर पडली. सिडनीने जपून ठेवलेले नऊ पेन्स एवढेच काय ते धन. त्यांतून त्यांनी थोडी चेरीची फळे घेतली, थोडे खायला घेतले. केनिंग्टनच्या बागेत सिडनीने वर्तमानपत्राच्या कागदाचा चेंडू केला आणि मायलेकरे दिवसभर खेळली. संध्याकाळ झाली तशी तिघेही मुकाट्याने निराधारगृहात परत आली. अधिकाऱ्यांची धुसफूस झाली. पण तो एक दिवस मात्र कोणाला हिरावून घेता आला नाही.

हॅना मोठी हिकमती बाई होती. खिडकीशी बसून ती रस्त्याने जाणाऱ्या-येणाऱ्यांकडे पाही आणि त्यांची चाल, हातवारे, चेहऱ्यावरचे भाव यांची हुबेहूब नक्कल करून मुलांना दाखवी. एखाद्याच्या चालण्यावरून त्याच्या घरी सकाळी काय घडले असेल, हेही ती रचून सांगे. माणूस कसा पाहावा, याचा पहिला धडा चार्लीला या खिडकीत मिळाला. दुर्दैवाने उपासमार व काळजी यांनी तिचे मन खचले आणि तिला मनोरुग्णालयात ठेवण्याची पाळी वारंवार येऊ लागली. १९०१ साली वडीलही वारले. १९०३ साली आईला पुन्हा भ्रम झाला, तेव्हा सिडनी जहाजावर नोकरीस होता. चौदा वर्षांच्या चार्लीनेच तिला हाताला धरून रुग्णालयात पोहोचविले आणि तो रिकाम्या खोलीवर परत आला.

तत्पूर्वी, वयाच्या नवव्या-दहाव्या वर्षी तो लाकडी तळाचे बूट घालून नाचणाऱ्या मुलांच्या एका मंडळात काम करू लागला होता. १९०३ साली 'शेरलॉक होम्स' या नाटकात त्याला एका पोऱ्याचे काम मिळाले. त्याचे शिक्षण इतके अपुरे होते, की आपल्याला येथेच भाषण वाचून दाखवावयास सांगतील की काय, या भीतीने त्याच्या पोटात गोळा उठला होता. तसे कोणी सांगितले नाही. सिडनीने त्याच्याकडून भाषण पाठ करून घेतले आणि चार्लीचे काम लोकांना आवडले. १९०८ साली सिडनीच्याच खटपटीने तो फ्रेड कार्नो यांच्या प्रसिद्ध विनोदी नाटकमंडळीत दाखल झाला. या मंडळीत न बोलता, केवळ अंगविक्षेपांनी हसविण्याची कला तो शिकला. त्यांच्यासमवेत तो दोनदा अमेरिकेस गेला आणि तेथेच १९१३ साली 'कीस्टोन' या चित्रपटसंस्थेने त्याला आठवड्यास १५० डॉलर पगारावर बोलावून घेतले.

त्या काळी चित्रपट मुके होते. पडद्यावरची माणसे हलत-चालत. पण त्यांचा शब्द ऐकू येत नसे. १९१४ च्या प्रारंभी एके दिवशी चार्लीला काही तरी विनोदी वेष करून येण्यास सांगण्यात आले. वेषांत सारा विरोध असावा, असे त्याने ठरविले. विजार ढगळ, तर कोट तंग. टोपी लहान, तर बूट मोठे. वय थोडे अधिक दिसावे म्हणून त्याने मिशी लावली. परंतु चेहऱ्यावरचे भाव झाकू नयेत म्हणून ती अगदी छोटी ठेवली. हा वेष अंगावर चढताच भटक्या जिवंत झाला.

त्याच वर्षी फेब्रुवारीत प्रेक्षकांना हा भटक्या प्रथम पडद्यावर दिसला. मुलांच्या छोट्या गाड्यांची शर्यत चालली आहे, छायाचित्रकार तिचे चित्रण करीत आहे आणि हा भटक्या पुनःपुन्हा कॅमेऱ्यासमोर येऊन उभा राहत आहे, एवढीच त्या चित्रपटाची गोष्ट! हाकलून दिला तरी तो दुसऱ्या बाजूने परत येई. शर्यत खरी होती आणि ती पाहावयास आलेली माणसेही खरीच होती. हा कोण मनुष्य मध्येमध्ये येतो आहे, हे त्यांना कळेना. पण हळूहळू त्यांच्या चेहऱ्यांवर हसू फुटू लागले. चार्लीच्या भटक्याचे ते पहिले प्रेक्षक होत.

त्यानंतर दोन वर्षांच्या आत चार्ली जगातील सर्वांत परिचित माणसांपैकी एक झाला. मुक्या चित्रपटास भाषेची आडकाठी नव्हती. जे लंडनचा मजूर पाहून हसे, तेच इतर देशांतील शेतकरी, सैनिक आणि शाळकरी मुलेही पाहून हसत. दुकानांतून चार्लीच्या बाहुल्या विकल्या जाऊ लागल्या. चार्लीसारखे चालून दाखविण्याच्या स्पर्धा भरू लागल्या. १९१४ साली आठवड्यास १५० डॉलर मिळविणाऱ्या या नटाला १९१६ साली एका संस्थेने वर्षास ६,७०,००० डॉलर देऊ केले. तेव्हा तो अवघ्या सव्वीस वर्षांचा होता.

त्या वर्षी तो लॉस एंजेलिसहून न्यूयॉर्कला आगगाडीने निघाला. आपण केव्हा पोहोचतो, हे त्याने सिडनीला तारेने कळविले आणि तारखात्यातील माणसांकडून ही बातमी पुढे फुटली. वाटेत अमारिलो येथे गाडी थांबली, तेव्हा तो दाढी करीत होता. बाहेर गलका ऐकू आला. पाहतो तो स्थानकावर माणसांचा समुद्र लोटलेला! ही गर्दी दुसऱ्या कोणासाठी जमली असावी, असेच त्याला प्रथम वाटले. पुढे प्रत्येक मोठ्या स्थानकावर हाच प्रकार घडला. शेवटी न्यूयॉर्कच्या पोलिसांनी त्याला विनंती केली, की मुख्य स्थानकावर न येता त्याने आधीच्याच स्थानकावर उतरावे. नाहीतर गर्दी आवरणे कठीण जाईल.

तो आधीच उतरला. नंतर त्या अफाट शहराच्या रस्त्यांतून तो एकटाच हिंडत राहिला. सारे जग त्याला ओळखत होते. परंतु ज्याच्या दारावर जाऊन थाप मारावी, असे तेथे त्याचे कोणी नव्हते. कीर्ती माणसाभोवती गर्दी गोळा करते. सोबत मात्र देतेच असे नाही. हे त्याला त्या दिवशी उमगले.

कीर्तीचे आणखी एक अंग त्याला लवकरच दिसून आले. त्या वेळी पहिले महायुद्ध चालू होते. चार्ली इंग्लंडचा नागरिक असून सैन्यात का जात नाही, अशी टीका वृत्तपत्रांतून होऊ लागली. भित्रेपणाचे चिन्ह म्हणून त्याला टपालाने पांढरी पिसे येऊ लागली. वास्तविक रणांगणावरील सैनिक त्याचेच चित्रपट पाहून घटकाभर आपले दुःख विसरत होते. चार्लीने १९१८ साली गावोगाव हिंडून युद्धकर्जासाठी निधी गोळा केला आणि खंदकांतील सैनिकांच्या हालांवर एक विनोदी चित्रपट काढला. खंदकांत राहून आलेल्या सैनिकांनाच तो अधिक आवडला.

इतर नट पैसा मिळताच सुस्तावतात; चार्लीचे तसे झाले नाही. १९१८ साली त्याने स्वतःचा स्टुडिओ उभारला आणि १९१९ साली तीन सहकाऱ्यांसह 'युनायटेड आर्टिस्ट्स' ही संस्था स्थापन केली. कथा त्याची, दिग्दर्शन त्याचे, मुख्य भूमिका त्याची आणि पुढे पुढे संगीतही त्याचेच. मनासारखे होईपर्यंत तो एकच प्रसंग शेकडो वेळा चित्रित करी. लोकांना सहज वाटणाऱ्या एका हास्यामागे त्याचे कित्येक दिवसांचे श्रम असत.

१९१९ च्या जुलैमध्ये त्याला पहिला मुलगा झाला आणि तो अवघ्या तीन दिवसांत दगावला. या आघातानंतर थोड्याच दिवसांनी त्याने एका नव्या चित्रपटास हात घातला. रस्त्यावर टाकून दिलेले तान्हे मूल भटक्याला सापडते, तो त्याला माळ्यावरच्या खोलीत वाढवितो आणि मूल पाच वर्षांचे झाल्यावर अनाथाश्रमाची माणसे त्याला बळजबरीने घेऊन जातात, अशी ती कथा. मुलाचे काम जॅकी कूगन या चिमुकल्या नटाने केले. गाडीत घातलेले ते मूल हात पसरून आक्रोश करते आणि भटक्या छपरांवरून धावत त्याला सोडवावयास जातो, तेव्हा प्रेक्षकांच्या डोळ्यांना धारा लागतात. १९२१ साली 'द किड' या नावाने हा चित्रपट प्रसिद्ध झाला. हॅनवेलच्या शाळेत आईवाचून राहिलेल्या मुलाचे दुःख त्यात होते आणि तीन दिवसांचे मूल गमावलेल्या बापाचेही.

त्याच वर्षी चार्लीने आईला अमेरिकेत आणून समुद्राकाठच्या घरात ठेवले आणि अखेरपर्यंत तिची नीट व्यवस्था केली. नंतर सप्टेंबरमध्ये तो इंग्लंडला गेला. लंडनच्या वॉटर्लू स्थानकावर अलोट गर्दी लोटली होती. उतरण्याच्या ठिकाणी पत्रांच्या थप्प्या लागल्या. त्यांत कोणी पैसे मागितले होते, कोणी नोकरी, तर कोणी आपण त्याचे आप्त असल्याचे लिहिले होते. चार्ली या सगळ्यांतून हळूच निसटला. मागच्या दाराने बाहेर पडून त्याने भाड्याची मोटार केली आणि तो केनिंग्टनच्या त्याच जुन्या गल्ल्यांतून हिंडून आला. राजवाड्यासारखे हॉटेल सोडून ज्या वस्तीत त्याने उपासमार सोसली होती, तिच्याकडेच त्याच्या मनाची ओढ होती.

पुढे १९२५ साली 'द गोल्ड रश' हा चित्रपट आला. बर्फात अडकलेला भुकेला भटक्या आपला बूट शिजवितो आणि एखाद्या मेजवानीच्या थाटात तो चवीने खातो. तो बूट ज्येष्ठमधाच्या वडीचा केलेला होता. पण त्यामागची भूक खोटी नव्हती. ती भूक कशी असते, हे चार्लीला पुस्तकांतून शिकावे लागले नव्हते.

परंतु त्याच्या घरात सुख टिकत नव्हते. त्याचे पहिले दोन्ही विवाह मोडले. यात त्याचा स्वतःचा दोषही लहान नव्हता. कामापुढे त्याला घरचे भान राहत नसे आणि स्वभावही हट्टी व लहरी होता. सामान्य माणसाच्या घरातील भांडण चार भिंतींत राहते. चार्लीच्या घरचे भांडण मात्र सर्व वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर झळकले. 'द सर्कस' हा चित्रपट तयार होत असताना स्टुडिओला आग लागली, न्यायालयातील खटल्याने काम महिनोन्‌महिने बंद पडले आणि चिंतेने चार्लीची प्रकृती ढासळली. चाळिशी गाठण्यापूर्वीच त्याचे केस पांढरे झाले. इतके होऊनही १९२८ साली पडद्यावर आलेल्या त्या चित्रपटात या यातनेचा मागमूस दिसत नाही. सर्कशीच्या दोरावरून चालणारा भटक्या पाहून मुले खदखदून हसत होती.

एव्हाना चित्रपट बोलू लागले होते. चार्लीने मात्र १९३१ साली 'सिटी लाइट्स' हा मूकपटच काढला. अंध फुलवालीला दृष्टी मिळावी म्हणून धडपडणाऱ्या भटक्याची ती कथा लोकांनी डोक्यावर घेतली. त्याच वर्षी तो लंडनला गेला असता गोलमेज परिषदेसाठी महात्मा गांधी तेथे आले होते. २२ सप्टेंबर रोजी पूर्व लंडनमधील मजुरांच्या वस्तीत या दोघांची भेट झाली. गांधीजींनी चार्लीचा एकही चित्रपट पाहिलेला नव्हता. यंत्रांना त्यांचा विरोध का, असे चार्लीने विचारले. परक्यांच्या यंत्रांवर अवलंबून राहिल्याने भारत कसा परतंत्र झाला, हे गांधीजींनी त्याला समजावून दिले. पाच वर्षांनी, १९३६ साली, चार्लीने 'मॉडर्न टाइम्स' हा चित्रपट काढला. त्यात कारखान्यातील यंत्रापुढे काम करता करता कामगार स्वतःच यंत्र होऊन जातो.

जर्मनीचा हुकूमशहा हिटलर आणि चार्ली यांचे जन्म एकाच महिन्यात, चार दिवसांच्या अंतराने झाले होते. दोघांची मिशीही सारखीच होती. १९४० साली हिटलरच्या नावाने युरोप थरथर कापत असताना चार्लीने 'द ग्रेट डिक्टेटर' या चित्रपटात त्याची यथेच्छ टर उडविली. हा त्याचा पहिला खराखुरा बोलपट होय. बळाची घमेंड हास्यापुढे किती केविलवाणी दिसते, हे त्याने जगास दाखविले.

दुसऱ्या महायुद्धानंतर वारे फिरले. अमेरिकेत त्या वेळी साम्यवादाची मोठी धास्ती पसरली होती. युद्धकाळात रशियाला मदत करावी असे चार्लीने जाहीरपणे सांगितले होते आणि चाळीस वर्षे तेथे राहूनही त्याने अमेरिकेचे नागरिकत्व घेतले नव्हते. तो साम्यवादी असल्याचा संशय घेण्यात आला. त्याने तो नाकारला, तरी कोणी ऐकेना. १९५२ साली त्याने 'लाइमलाइट' हा चित्रपट पुरा केला. ज्याला प्रेक्षक विसरले आहेत, अशा एका वृद्ध विदूषकाची ती करुण कथा होती. त्या चित्रपटाच्या लंडनमधील पहिल्या खेळासाठी तो पत्नी ऊना व मुलांसह बोटीने निघाला. बोट अटलांटिक महासागरात असतानाच वार्ता आली, की अमेरिकेत परतण्याची त्याची परवानगी सरकारने रद्द केली आहे.

ज्या देशाने त्याला डोक्यावर घेतले होते, त्याच देशाने त्याच्यासाठी दार बंद केले. चार्लीनेही मग तेथे परत जाण्याचा विचार सोडून दिला आणि १९५३ साली तो स्वित्झर्लंडमध्ये स्थायिक झाला. तेथे मात्र एक गोष्ट त्याच्या वाट्याला आली, जी गर्दीने त्याला कधी दिली नव्हती. ऊना आणि आठ मुले यांच्या सहवासात त्याला घर मिळाले.

वीस वर्षे लोटली. १९७२ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या चित्रपट अकादमीने त्याला सन्मानार्थ बोलाविले. लोक आपल्याला कसे वागवतील, अशी धाकधूक त्याच्या मनात होती. पांढऱ्या केसांचा, थकलेला चार्ली रंगमंचावर आला आणि सारे सभागृह उठून उभे राहिले. टाळ्या थांबेनात, सुमारे बारा मिनिटे त्या चालूच राहिल्या. ज्याने शब्दावाचून जगाशी संवाद केला, त्याला त्या दिवशी बोलावयास शब्द सापडेना. त्याचे डोळे भरून आले. त्याच्या हाती ती जुनी गोल टोपी आणि काठी देण्यात आली, तेव्हा क्षणभर तो वृद्ध पुन्हा भटक्या झाला. १९७५ साली इंग्लंडच्या राणीने त्याला 'सर' ही पदवी दिली. निराधारगृहातील मुलगा सर चार्ल्स झाला.

१९७७ च्या नाताळात तो गेला, तेव्हा दोनच दिवसांनी गावच्या लहानशा चर्चमध्ये, मोजक्या आप्तांच्या उपस्थितीत त्याचा अंत्यविधी झाला. भपका नव्हता, मिरवणूक नव्हती. परंतु कीर्तीने मृत्यूनंतरही त्याची पाठ सोडली नाही. १९७८ च्या मार्च महिन्याच्या प्रारंभी पैशाच्या अडचणीत सापडलेल्या दोघा माणसांनी थडगे उकरून त्याची शवपेटी पळविली आणि ऊनाकडे मोठी खंडणी मागितली. तिने ती देण्याचे साफ नाकारले. पोलिसांनी आसपासच्या दूरध्वनींवर पाळत ठेवली. मे महिन्यात चोर पकडले गेले आणि एका शेतात पुरलेली पेटी सापडली. चार्लीला पुन्हा त्याच गावात मूठमाती देण्यात आली. या वेळी थडग्यावर काँक्रीटचा भक्कम थर घालावा लागला. घटकाभर एकांत मिळावा म्हणून जो हॉटेलच्या मागल्या दाराने निसटत असे, त्याच्या चिरविश्रांतीलाही असा पहारा लागावा, हे केवढे दुर्दैव!

आज व्हेव्हे येथे सरोवराच्या काठी चार्लीचा पुतळा उभा आहे; लंडनमध्येही आहे. हे पुतळे वृद्ध सर चार्ल्सचे नव्हेत. ते भटक्याचे आहेत. आपल्या देशात गुजरातमधील आदिपूर या गावी १९७३ सालापासून दर वर्षी १६ एप्रिलला चार्लीचा वाढदिवस साजरा होऊ लागला. लहानथोर मंडळी गोल टोपी घालून, मिशी लावून, काठी फिरवीत मिरवणुकीने निघतात. हे गाव फाळणीच्या वेळी घरदार गमावून आलेल्या सिंधी निर्वासितांनी वसविलेले आहे. बेघर भटक्यावर त्यांचा जीव जडला, यात काही नवल नाही.

लोकांनी भटक्यावर अपार प्रेम केले. त्या प्रेमाचा भार मात्र माणसाला वाहावा लागला. ते प्रेम कधी गर्दी होऊन आले, कधी संशय होऊन, तर कधी क्रोध होऊन. चार्लीने चुका केल्या, त्यांची फळे भोगली; परंतु आपले काम कधी सोडले नाही. ऑल्डरशॉटच्या त्या रात्री आईच्या दुःखावर लोक हसले, तेव्हा पाच वर्षांच्या मुलास हसू आणि आसू यांचे नाते प्रथम दिसले. पुढे साऱ्या आयुष्यात त्याने ते हास्य आईला फिरून मिळवून दिले; कारण त्याचे चित्रपट पाहताना लोक गरिबाला हसत नाहीत, गरिबाबरोबर हसतात.